रोमन देव्हाऱ्यातल्या देवी

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत घरोघरी देव्हारे सापडलेत, कित्येक तर चक्क स्वयंपाकघरात! त्यांना म्हणतात ‘लारारियम’. व्हेत्ती यांच्या घरातला प्रसिद्धच आहे: मधोमध कुटुंबप्रमुखाचा रक्षकदेव, दोन्ही बाजूंना नाचणारे लारेस, म्हणजे घराचे रक्षकदेव, खाली वेदीकडे सरपटणारा नाग.

ऐपत असेल तर मूर्ती कांस्याची. हातात सुकाणू आणि समृद्धीचं शिंग घेतलेली भाग्यदेवी फॉर्च्युना फार लाडकी.

पण माझ्या आवडीच्या म्हणाल तर मातीच्या व्हीनस. गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या आलिए खोऱ्यातले कारागीर पांढऱ्या मातीपासून त्या साच्यात काढायचे. पुढची-मागची बाजू वेगळी, मग दोन्ही जोडून भट्टीत. मूर्ती जेमतेम वीतभर, आतून पोकळ, एक हात केसांच्या बटेवर. कडेला जोडाची रेघ अजून दिसते. हा माल पार लंडनपर्यंत पोचला. काही मूर्ती लहान मुलांच्या थडग्यांतही मिळाल्या. कलाकुसर यथातथाच, खरं सांगायचं तर! तरी सामान्य घरातली श्रद्धा या मूर्तींइतकी संगमरवरी पुतळ्यांतून कळत नाही.

नेपल्सला गेलात तर पुरातत्त्व संग्रहालयातल्या छोट्या कांस्यमूर्ती अजिबात चुकवू नका.