तीन गडी उरले आणि आपण हरलो!

मित्रहो, सुरुवातीलाच कबूल करतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठी शिकलो ती घरी, मेसमध्ये आणि चंद्रपूर-गडचिरोली एसटीत. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण विषय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्या होस्टेलची कबड्डी टीम!

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची सेमीफायनल आपण २८-३१ अशी हरलो. त्या रात्री मेसमध्ये एकच वाक्य ऐकू येत होतं, "त्याच्यामुळे गेली बे मॅच!" 'तो' म्हणजे आपला फायनल इयरचा चढाईपटू. शेवटच्या दहा मिनिटांत तो तीनदा पकडला गेला. नंतर दोन दिवस तो मेसमध्ये जेवायलाच आला नाही. मी त्या सामन्याचा स्कोअरर होतो, गुणपत्रक अजून माझ्या फाईलमध्ये आहे. ते चार वेळा तपासल्यावर मला जे दिसलं तेच इथे लिहितो. चूक त्याची नव्हती. चूक आपल्या हिशेबाची होती.

आधी थोडं बाहेरचं. बर्फावरच्या हॉकीत 'पॉवर प्ले' नावाचा प्रकार असतो. एका खेळाडूला शिक्षा म्हणून साधारण दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि समोरच्या संघाला पाच विरुद्ध चार खेळायला मिळतं. वाटतं, आता गोल नक्की! पण तिथल्या मोठ्या लीगमध्येसुद्धा अशा पाच संधींपैकी साधारण एकच गोलात जाते. आपल्या मैदानी हॉकीतलं उदाहरण तर ताजंच आहे. ४ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, उपांत्यपूर्व सामना. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि भारत चाळीसहून जास्त मिनिटं दहा जणांत खेळला. ब्रिटनकडे एक माणूस जास्त होता, तरी पहिला गोल केला हरमनप्रीतने! सामना १-१ बरोबरीत सुटला आणि शूटआऊटमध्ये भारत ४-२ ने जिंकला.

म्हणजे माणसं जास्त असणं वेगळं आणि त्यांचा उपयोग करता येणं वेगळं.

आता कबड्डी. समोर तीनच गडी उरले की आपण बाहेरून काय ओरडतो? "संपव! लोण दे!" (ओरडणाऱ्यांत मीही होतो, स्कोअरर असूनही.) पण नियम बघा. तीन किंवा कमी गड्यांनी चढाईपटूला पकडलं तर ती अव्वल पकड, म्हणजे सुपर टॅकल. त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात, शिवाय त्यांचा एक गडी परत आत येतो. आपण एकाला टिपून आलो तर मिळतो फक्त एक गुण. म्हणजे मिळकत एक, नुकसान दोन. साधं गणित केलं तर अशा तीन झटापटींपैकी किमान दोन जिंकल्या तर कुठे बरोबरी होते! समोर चार गडी असताना दोनात एक जिंकली तरी चालतं. म्हणजे चारचे तीन झाले की घाई करणं आपल्याला उलट महाग पडतं.

आपल्या सामन्यात आपण त्यांना तीनदा तिनावर आणलं. तिन्ही वेळा आपला गडी घाईने खोलवर गेला आणि तिन्ही वेळा अव्वल पकड झाली. सहा गुण गेले. हरलो किती गुणांनी? तीन!

मग काय करायचं? याचं उत्तर मला पुस्तकात नाही मिळालं. ते दिलं माझ्या रूम पार्टनरने. तो एटापल्लीकडचा. गावच्या मातीवर खेळून तयार झालेला. गडचिरोली पोलिसांनी वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने भरवलेल्या कबड्डी स्पर्धेतही तो खेळून आलाय. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. तो म्हणाला, "काहून जातेस बे त्यायच्या घरात? त्यायले येऊ दे ना आपल्या घरी!"

विचार करा, किती सोपं आहे हे. हॉकीत पाच जण मिळून हल्ला करतात. कबड्डीत चढाई करणारा नेहमी एकटाच असतो. आपले सातच्या सात गडी शाबूत असले तरी चढाईला त्यातले सहा मागे उभे राहून बघतात. जास्तीची माणसं कामाला येतात ती फक्त पकडीत. तीन गड्यांचा संघ जेव्हा चढाईला येतो, तेव्हा तो एकटा आणि आपण सात. आपला पॉवर प्ले त्यांच्या चढाईत असतो, आपल्या चढाईत नाही!

"पण ते आलेच नाहीत तर? वेळ काढला तर?" असं कोणीतरी विचारणारच. तिथे तिसऱ्या चढाईचा नियम मदतीला येतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू-ऑर-डाय. गुण घ्या नाहीतर बाद व्हा. एक चढाई ३० सेकंदांची. म्हणजे जास्तीत जास्त अडीच मिनिटांत त्यांना आपल्या सात जणांत खोलवर यावंच लागतं.

फक्त कोणाची तिसरी आधी येते ते मोजायला पाहिजे. आपण चढाईत गडी मारून त्यांना तिनावर आणलं, तर पुढची चढाई त्यांची आणि आपली मोजणी शून्यावर. आपण दोन्ही चढाया सांभाळून रिकाम्या काढल्या तर डू-ऑर-डाय आधी त्यांच्यावर येते. पण आपण पकड करून त्यांना तिनावर आणलं असेल, तर पुढची चढाई आपली आणि त्यांची मोजणी नव्याने सुरू. मग आपली तिसरी आधी येते. अशा वेळी पहिल्या दोन चढायांत कडेच्या गड्यावर हात टाकून बघायचा, मिळालं तर ठीक, नाहीतर परत. तिसरीची वाट बघत बसायचं नाही. हे मोजायचं काम चढाईपटूचं नाही, त्याला श्वास सांभाळायचा असतो. ते काम बेंचचं. म्हणजे माझं. आणि मी काय करत होतो? ओरडत होतो.

अजून दोन गोष्टी. एक, आपण सहा किंवा सात जण असलो की त्यांच्या चढाईपटूला बोनस रेषेचा गुण मिळू शकतो. मिळू द्या! बोनसने गडी जिवंत होत नाही. आपले कव्हर बोनस वाचवायला पुढे झेपावतात आणि स्पर्श होऊन बसतो. तिथून त्यांचा गडी परत येतो. गुण गेला तर चालेल, माणूस जाता कामा नये. साखळी धरून उभं राहायचं, चढाईपटू निदानरेषा ओलांडून आत आला, मागे वळला, की मग कोपऱ्याने घोटा धरायचा.

दोन, शेवटचा एकच गडी उरला की हिशेब उलटतो. आता त्याला टिपलं तर एक अधिक लोणाचे दोन, असे तीन गुण. गेले तर दोनच. पाचात दोनदा जमलं तरी बरोबरी. तेव्हा मात्र धोका घ्यायचा. संयम तिनाला आणि दोनाला, घाई एकाला!

हे काही माझंच डोकं नाही. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने प्रो कबड्डीची फायनल २८-२५ ने जिंकली. इतके कमी गुण म्हणजे पकडीचाच खेळ. अस्लम इनामदारच्या त्या टीममध्ये चढाईपटू चांगले होतेच, पण मोसमातला सर्वोत्तम बचावपटू ठरला त्यांचाच मोहम्मदरेझा शादलोई.

मागच्या रविवारी आपण होस्टेलच्या दोन विंगमध्ये सामना खेळून बघितला. लोण दोनदा दिलं, दोन्ही वेळा शेवटच्या पकडीवर. एकदा मात्र मीच मोजायला चुकलो आणि परत अव्वल पकड खाल्ली. असो. सवय व्हायला वेळ लागेल.

त्या रात्री मी हे गुणपत्रक घेऊन आपल्या चढाईपटूच्या रूमवर गेलो होतो. त्याने बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाला, "मले तेव्हा कोनी थांब म्हटलं असतं ना, तर थांबलो असतो."

मित्रहो, आपण पन्नास जण होतो तिथे. एकानेही 'थांब' म्हटलं नाही. त्याची ही शेवटची स्पर्धा. फेब्रुवारीत अजून एक सामना आहे. यायचं तर ओरडायला या, पण काय ओरडायचं ते आधी मोजून!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी