दिवा फिरेना? बल्ब शोधा!

मोबाइलचं कव्हर ऑफिसखालच्या टपरीवरही मिळतं. पण १९४९ सालच्या खेळण्यातला बल्ब उडाला तर? व्हिंटेज मॉडेल ट्रेनवाल्यांचे कित्येक वीकएंड अशाच शोधात जातात!

खरी गंमत गाडीपेक्षा तिच्या अ‍ॅक्सेसरीजमध्ये असते. सिग्नल, फाटक, गाडी आली की कंदील घेऊन बाहेर येणारा गेटमन... अमेरिकेच्या ‘लायोनेल’ने दुसऱ्या महायुद्धानंतर असे नमुने ढिगाने काढले. त्यातला ३९४ नंबरचा बीकन टॉवर म्हणजे सॉलिड डोकं! वरचा दिवा गरगर फिरतो, पण आत मोटर नाहीच. बल्बच्या डोक्यावर एक खळगी असते. तिच्यात टोपीची सुई टेकते. बल्ब तापला की गरम हवा वर चढते आणि टोपीची पाती फिरू लागतात.

म्हणूनच इथे साधा बल्ब चालत नाही. सुई टेकणार कुठे? एलईडी लावाल तर उजेड पडेल, पण तो पुरेसा तापत नाही. दिवा ढिम्म!

पुढच्या ४९४ नंबरचं दुखणं वेगळं. त्यात कॉइल थरथरते आणि रबरी बोटांची चकती टोपीला फिरवते. वर्षानुवर्षांनी रबर कडक होतं, मग टॉवर नुसताच गुणगुणतो.

मग पार्ट मिळवायचा कसा? आधी मॉडेल नंबर बघा, कारण ३९४ आणि ४९४ दिसायला भाऊभाऊ असले तरी आतून वेगळे. मग लायोनेलच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमधून पार्ट नंबर काढा आणि त्याच नंबराने विक्रेत्याकडे मागणी करा. असे पार्ट आता नव्यानेही बनतात. अमेरिकेत राहणारा मामा किंवा मित्र असेल, तर पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या ट्रेनप्रेमींच्या मेळाव्याचं त्याच्या कानावर घाला. आणि हो, तिथला ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट खुपसू नका!

आता खरा पेच. नवा पार्ट बसवला की टॉवर फिरेल, पण हौशी मंडळी जास्त पैसे मोजतात ते अस्सल तुकड्यालाच. म्हणून काढलेला पार्ट फेकू नका, डबीत जपून ठेवा. कधी विकायची वेळ आलीच, तर काय बदललंय ते सरळ सांगा.

बाकी, कपाटात बंद असलेल्या अस्सल टॉवरपेक्षा टेबलावर फिरणारा दिवा बघायला जास्त मजा येते. पटतंय?