खारीपासून फोमपर्यंत: दर्यापूरकडच्या घरांतली ओल

दर्यापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. इथल्या घरात ओल पावसाळ्यात छपरातून उतरते, पायथ्यातून बारमाही चढते आणि पत्र्याखाली हवेतूनही धरते. गेल्या दीडशे वर्षांत या भागात घर बांधायची रीत बदलत गेली, तशी ओलीची वाटही बदलली.

जुने घर धाब्याचे. जाड सरांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, पाल्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यांत वर खारी, म्हणजे खारपट माती. मृगाआधी धाब्यावर चढून ताजी खारी पसरणे हे घराचे वार्षिक काम असे. या मातीत सोडियम जास्त असते. पावसाचे गोडे पाणी पडले की तिचे चिकण कण एकमेकांपासून सुटतात, खालच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बुजते. शेतात याच गुणामुळे पाणी मुरत नाही आणि पीक पिवळे पडते. शेतात नकोशी असलेली माती घरासाठी मात्र बंड्या भरभरून आणली जाई. एखाद्या प्रदेशाने आपल्या जमिनीचा दोष इतक्या नेमकेपणाने कामाला लावल्याची उदाहरणे थोडी आहेत.

भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर जाड. जमिनीतले खारट पाणी त्यांत चढे, पण माती श्वास घेणारी असल्याने ते वाळूनही जाई. वाळताना मीठ मागे राही, त्याचे स्फटिक फुगून पृष्ठभाग सुटे. हाच लोणा. पायथ्याशी पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागली, की ती खरवडून तेवढा भाग पुन्हा लिंपला जाई.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला, आणि १९१३ मध्ये मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे बनोसा स्टेशनमार्गे दर्यापूरला भिडली. लोखंडी पत्रा गावापर्यंत आणणे सोपे झाले. पत्र्याला दरसाल खारी लागत नाही, पण त्याने ओलीची नवी वाट उघडली. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २१ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरते. पावसाळा सरताना निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड होतो, आणि पाऊस नसतानाही पहाटे खाली रचलेल्या पोत्यांवर थेंब ठिबकतात.

पुढे विटा, सिमेंट आणि स्लॅब आले. सिमेंटच्या घट्ट गिलाव्यामुळे भिंतीचे वाळणे अडले. पाणी गिलाव्यामागून आणखी वर चढू लागले. बांधकामाला विहिरीचे खारे पाणी वापरले, तर मीठ पहिल्याच दिवशी घरात येते. आयएस ४५६ या भारतीय मानकाने लोखंडी सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठरवली आहे. ती ओलांडली तर सळई गंजण्याचा धोका वाढतो आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात.

पत्र्याखालच्या दवावर आता पॉलियुरेथेन फोमच्या फवारणीचा उपाय आहे. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ मध्ये जर्मनीत ओट्टो बायर यांनी लावला. फवारणीत दोन द्रव बंदुकीच्या तोंडाशी मिसळतात आणि काही सेकंदांत सुमारे ३० पट फुगून घट्ट होतात. बंद पेशींचा फोम पत्र्याला खालून चिकटला, की खोलीतली दमट हवा थंड धातूपर्यंत पोचत नाही आणि दव धरत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला, की तोच थर उष्णताही अडवतो. गोदाम, शीतगृह, पत्र्याचे घर यांत त्याचे मोल मोठे आहे. मात्र उन्हाने तो पिवळा पडून भुसभुशीत होतो, म्हणून छपरावर मारल्यास वरून लेप हवाच. तो पेटतोही, कापसाच्या जिनिंगमध्ये तो उघडा ठेवणे धोक्याचे. फोम फुगवण्यासाठी पूर्वी वापरला जाणारा एचसीएफसी-१४१बी या ओझोनला मारक रसायनाची आयात भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केली. त्यानंतर मिश्रणे बदलली.

भिंतीच्या लोण्यावर मात्र हा उपाय नव्हे. ओल्या पृष्ठभागावर फवारणी केली तर द्रवातला आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि थर नीट चिकटत नाही. सुक्या दिवसात चिकटला तरी मागचे मीठ त्याला हळूहळू ढकलते, आणि आत अडकलेली ओल वर सरकते. नव्या घरात जोत्यावर ओलरोधक थर आणि बांधकामाला गोडे पाणी, ही खबरदारी पायाभरणीपासूनच घ्यावी लागते. उभ्या असलेल्या भिंतीत असा थर नंतर घालणे खर्चिक असते. तिथे सिमेंट काढून पायथ्याला चुन्याचा गिलावा देतात. तो पाणी वाळू देतो, मीठ स्वतःत घेतो आणि काही वर्षांनी झडला की पायथ्याचा तेवढाच पट्टा नव्याने करावा लागतो.