ज्येष्ठांच्या दारी पोलीस कधी?

रायपूरच्या शंकर नगरात मंत्र्यांचे बंगले आहेत, तशी निवृत्तांची घरेही. छत्तीसगड राज्य २००० साली स्थापन झाले, तेव्हा नव्या राजधानीत रुजू झालेली पिढी आता निवृत्त होत आहे. मुले परगावी, निवृत्तिवेतन बँकेत आणि हाती मोबाईल. बंदोबस्त बंगल्यांच्या फाटकांवर असतो. भामटा मात्र फोनवरून थेट दिवाणखान्यात शिरतो.

‘डिजिटल अटक’ हे त्याचे ताजे हत्यार. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. तरीही व्हिडिओ कॉलवरील गणवेशाला घाबरून माणसे आयुष्याची पुंजी रिकामी करतात. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. अंबाल्यातील एका वृद्ध दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून कोटीहून अधिक रुपयांना लुबाडण्यात आले. त्यांच्या तक्रारीची न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर रोजी देशभरातील अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

परंतु तपास गुन्ह्यानंतर होतो, प्रतिबंधाचे काय? त्याची तरतूद संसदेने २००७ सालीच केली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा पोटगीसाठी ओळखला जातो. कलम २२ची चर्चा क्वचितच होते. ज्येष्ठांच्या जीविताच्या आणि मालमत्तेच्या संरक्षणाचा सर्वंकष आराखडा राज्य सरकारने तयार करावा, असे हे कलम बजावते. केंद्राच्या आदर्श नियमांत तर प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून किमान एकदा, शक्यतो समाजसेवकासह, त्यांची भेट घ्यावी, असे नमूद आहे. ओळखीचा हवालदार दरमहा येत असेल, तर पडद्यावरचा तोतया किती काळ टिकेल?

डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आलेले दुरुस्ती विधेयक एक पाऊल पुढे होते. प्रत्येक ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक अधिकारी आणि जिल्ह्यात विशेष पोलीस पथक, असा त्याचा प्रस्ताव होता. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. पण २०२४मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच विधेयक व्यपगत झाले.

दरम्यान कारभार दोन खात्यांत विभागला गेला. ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ सामाजिक न्याय मंत्रालयाची. सायबर फसवणुकीची १९३० गृह मंत्रालयाची. पैसे गोठवायचे तर पहिले काही तास मोलाचे असतात, आणि नेमक्या त्याच वेळी घाबरलेल्या वृद्धाने योग्य क्रमांक आठवावा, अशी ही व्यवस्था आहे.

राजकारणाला ज्येष्ठ आठवतात ते मतदार म्हणून. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा ८० वर्षांखालील लाभार्थ्यांसाठी २०० रुपयांवर अडला आहे. रमण सिंह यांच्या राजवटीत सुरू झालेली तीर्थयात्रा योजना लोकप्रिय ठरली, कारण यात्रेच्या गाडीला झेंडी दाखवता येते. टळलेल्या फसवणुकीचे मात्र छायाचित्र निघत नाही.

तरीही उत्तरदायित्व निश्चित करणे अवघड नाही. छत्तीसगड विधानसभेच्या ९० सदस्यांपैकी कोणीही एक साधा तारांकित प्रश्न विचारू शकतो: कोणत्या ठाण्याकडे ज्येष्ठांची यादी आहे आणि गेल्या महिन्यात किती घरी पोलीस गेले? उत्तराची सुरुवात मंत्र्यांच्या शेजारच्या घरांपासून, शंकर नगरातूनच, करावी.