स्नायूंचे कुलूप, कॅल्शियमची किल्ली

भंडारा : जिल्ह्यातील धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या हातांची प्रत्येक हालचाल प्रथिनांच्या रचनेवर अवलंबून असते. स्नायूतील मायोसिन हे प्रथिन ॲक्टिनच्या तंतूला पकडून ओढते, तेव्हा आकुंचन घडते. एरवी ट्रोपोमायोसिनचा धागा पकडीच्या जागा झाकून ठेवतो. मज्जातंतूचा संदेश येताच सुटलेले कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटते. त्याची रचना बदलते आणि धागा बाजूला सरकतो. जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात हे ट्रोपोनिन शोधले. कॅल्शियम परत साठवले गेले की स्नायू सैलावतो.

हृदयातही हेच घडते. मात्र हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास त्यातील ट्रोपोनिन रक्तात उतरते. झटक्याच्या निदानासाठी तेच तपासतात. ही वाढ दिसण्यास काही तास लागू शकतात. म्हणून छातीत कळ आल्यास थकवा समजून थांबू नये आणि डॉक्टरांनी सांगितल्यास तपासणी पुन्हा करावी.