डिमसम म्हणजे महागडे मोमो नव्हेत

वणी तालुक्यातल्या राजूरची ओळख कोळशाची आणि चुनाभट्ट्यांची. इथल्या घरातलं कुणी मुंबईत नोकरीला लागतं आणि एखाद्या रविवारी आईबाबांना मोठ्या कॅन्टोनीज रेस्टॉरंटात जेवायला नेतं. मेन्यूकार्ड हाती आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हे मोमोच ना? मग एवढे पैसे कशाचे?"

मोमो तिबेट-नेपाळकडचे. डिमसम मात्र एक पदार्थ नव्हेच. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये सकाळपासून दुपारपर्यंत चहासोबत जे अनेक छोटे पदार्थ खातात, त्या सगळ्यांना मिळून डिमसम म्हणतात. त्यामुळे 'डिमसम म्हणजे उकडलेलं, म्हणजे हलकं' हेही खरं नाही. तळलेले रोल त्यात आहेत आणि अंड्याच्या कस्टर्डचे गोड टार्टही. मुळ्याचा कीस आणि तांदळाचं पीठ एकत्र वाफवून, वड्या पाडून तव्यावर खरपूस परततात, तेही डिमसमच.

किमतीचं उत्तर हवं असेल तर हार गाव मागवा. कोळंबीचं सारण आतून गुलाबी दिसावं इतकी त्याची पारी पारदर्शक असते. ती पाहून अनेकांना वाटतं, यात काहीतरी रसायन घातलंय. पण ती पारी मुख्यतः गव्हाच्या सत्त्वाची असते. कुरडयांसाठी आपण गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतो, त्यातला खाली बसणारा पांढरा भाग म्हणजे हेच सत्त्व. त्यात साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याचं पीठ मिसळतात आणि उकळत्या पाण्यानं उकड काढतात. मैद्याला ताण देणारं ग्लुटेन त्यात जवळजवळ नसतं. म्हणून पारी ओढली की फाटते. कारागीर ती तेल लावलेल्या रुंद सुऱ्याच्या पात्यानं दाबून पसरवतो आणि बारीक चुण्या घालून मिटतो. वाफेत ती काचेसारखी होते, गार झाली की चिवट. टोपली टेबलावर आली की फोटोआधी घास घ्या.

पैसे या हाताचे आहेत, झुंबरांचे नव्हेत. हाँगकाँगच्या 'लुंग किंग हीन' या तेव्हा तीन मिशेलिन तारे असलेल्या रेस्टॉरंटात काम केलेल्या माक क्वाय-पुई यांनी २००९मध्ये माँग कॉक भागात 'टिम हो वान' हे छोटं, स्वस्त दुकान काढलं. त्यालाही मिशेलिनचा तारा मिळाला.

"चव फिकी आहे" ही तक्रार सावजीवर वाढलेल्या जिभेची, आणि ती मी समजू शकतो. पण मंच्युरियन हा भारतात जन्मलेला पदार्थ आणि मिरचीचा झणका सिचुआन प्रांताचा. कॅन्टोनीज स्वयंपाकी मासा, कोळंबी, भाजी यांची स्वतःची चव झाकायची नाही, असं मानतो. त्या चवीवर शेजवान सॉस ओतणं मला खरोखर अन्याय वाटतो.

चहाही शेवटी मागवू नका. तो पहिल्यापासून, दूध-साखरेविना, जेवणभर चालतो. आधी शेजारच्याचा कप भरायचा. आपला कुणी भरला तर टेबलावर दोन बोटांनी हलकेच टकटक करायची, हा तिकडचा आभार. चॉपस्टिक्स जमत नसतील तर चमचा मागा, त्यात कमीपणा काहीच नाही.

चिनी जेवणातल्या अजिनोमोटोची भीती जुनी आहे. १९०८मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या रसातून या चवीमागचं ग्लुटामेट वेगळं केलं. १९६८मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी जेवणानंतरच्या त्रासाबद्दल एक पत्र छापून आलं आणि संशय जगभर पसरला. पुढच्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात ठाम दोष सापडला नाही. उपाशीपोटी मोठी मात्रा घेतल्यावर काहींना थोडा वेळ डोकेदुखी होऊ शकते, एवढंच. तेच ग्लुटामेट पिकल्या टोमॅटोतही असतं.

शाकाहारी मंडळींनी मात्र एक गैरसमज नक्की सोडावा: नावात मुळा किंवा भात आहे म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं नसतं. मुळ्याच्या वड्यांत सुकी कोळंबी किंवा डुकराचं सॉसेज असतं, कमळाच्या पानातल्या भातात चिकन, आणि साध्या भाजीवरही ऑयस्टर सॉस. ऑर्डर देण्याआधी हे तिन्ही वेटरला स्पष्ट विचारा, चरबी कोणती वापरतात तेही विचारा.