घरांतील मुकें माणूस

आपल्या वर्षाच्या सणवारांकडे पाहिलें म्हणजे जनावरांना त्यांत केवढें मानाचें स्थान आहे, हें सहज ध्यानांत येतें. आश्विन वद्य द्वादशीस वसुबारस येते. त्या सायंकाळीं सवत्स धेनूची पूजा होते, आणि पुष्कळ घरांतील सुवासिनी त्या दिवशीं गहूं, मूग व गाईचें दूध-तूप वर्ज्य करतात. दुधावर पहिला हक्क वासराचा, याची आठवण त्यांत आहे असें मानावयास हरकत नाहीं. श्रावणी अमावास्येस पोळा येतो. आदल्या दिवशीं बैलाचे खांदे हळद-तुपानें चोळावयाचे, सणाच्या दिवशीं त्याला न्हाऊं घालावयाचें, मानेवर जूं ठेवावयाचें नाहीं आणि पुरणपोळीचा घास आधीं त्याच्या तोंडीं द्यावयाचा, अशी ही रीत. झूल, गोंडे, शिंगांना लावलेला रंग ही वरची शोभा होय. सणाचा गाभा म्हणजे वर्षभर राबलेल्या खांद्याला मिळणारी विश्रांति.

त्याच श्रावणांतील नागपंचमी मात्र दुसरेंच उदाहरण पुढें ठेवते. पाटावर गंधानें नाग काढून त्याची पूजा करणाऱ्या आपल्या आज्यांचें कांहींच चुकत नव्हतें. परंतु टोपलींत कोंडलेला जिवंत नाग दारीं आणून त्याच्यापुढें दुधाची वाटी धरण्याची चाल पडली, तेव्हां गोष्ट बिघडली. साप हा मांसाहारी प्राणी आहे. दूध त्याचें अन्न नव्हे. दिवसेंदिवस तहानेलेला ठेवला म्हणजे तो मिळेल तें पितो आणि पुढें आजारी पडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग धरून असा फिरविण्यास बंदी आहे, ती याचसाठीं. या दोन सणांतील भेद स्पष्ट आहे. पहिल्यांत जनावराला जें हवें तें मिळतें. दुसऱ्यांत माणसाला पुण्य मिळतें आणि जनावराला दुखणें.

आज आपल्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं गाय नाहीं, बैल नाहीं. आहेत तीं कुत्रा आणि मांजर. त्यांच्याशीं आपलें वागणें पोळ्याच्या जातीचें आहे कीं टोपलींतील नागाच्या, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबानें, आणि विशेषतः प्रत्येक दंपतीनें, स्वतःला विचारण्यासारखा आहे.

पूर्वीं कुत्रा ओसरीवर असे, आणि मांजर माजघरापासून परड्यापर्यंत आपल्या मर्जीनें फिरे. आतां तींच जनावरें तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आलीं आहेत. आपण दार उघडल्यावांचून त्यांना बाहेर जातां येत नाहीं, आपण वाढल्यावांचून खातां येत नाहीं. त्यांचें स्वातंत्र्य आपण घेतलें. त्याची भरपाईहि आपणच करावयास हवी.

ही भरपाई म्हणजे काम, आणि काम म्हटलें कीं तें कोणी करावयाचें हा प्रश्न येतो. पिल्लूं घरीं येतें तें बहुधा मुलांच्या हट्टानें किंवा यजमानांच्या हौसेनें. आणि महिना उलटतो न उलटतो तोंच त्याचें सारें करणें गृहिणीच्या पदरीं पडतें. कुत्रा साधारणपणें दहा ते तेरा वर्षें जगतो, घरांतील मांजर पंधरा वर्षेंहि जगतें. आज पहिलीच्या वर्गांत असलेल्या मुलीनें आणलेलें मांजराचें पिल्लूं ती पदवीधर होईपर्यंत घरांत असूं शकेल. कुत्र्याला दिवसांतून दोनदां अर्धा अर्धा तास फिरवावयाचें म्हटलें, तरी वर्षाचे ३६५ तास होतात. हौस करणारानें हा हिशेब आधीं मांडावा आणि मगच पिल्लूं उचलावें.

आमच्या घरीं यासाठीं एक साधी व्यवस्था आहे. दिनदर्शिकेशेजारीं एक कागद लावलेला असतो. कुत्र्याला सकाळीं फिरविणें यजमानांकडे, संध्याकाळीं धाकट्या भावोजींकडे. जनावरांचें अन्न व औषधपाणी माझ्याकडे. आणि मांजराची वाळूची पेटी साफ करणें ज्यानें तें मांजर घरीं आणलें त्या आमच्या चिरंजीवांकडे. कोणी गांवाला जाणार असेल तर त्यानें आपला बदली स्वतः शोधावयाचा. या कागदाचा एक अनपेक्षित लाभ मला झाला. सकाळीं पावणेसहाला यजमान साखळी हातांत घेऊन बाहेर पडले कीं पहिला चहा मी खिडकीशीं बसून एकटीच घेतें. संसाराला पंधरा वर्षें झालीं, पण असा निवांत अर्धा तास पूर्वीं मला मिळाला नव्हता. आणि ते परत आले म्हणजे विजेचें बिल व मुलांची फी यांखेरीज बोलावयास आम्हां दोघांना आणखी एक विषय असतो.

एकत्र कुटुंबांत वडील मंडळींच्या सोवळ्याओवळ्याचाहि विचार करावा लागतो. तो हंसण्यावारी नेऊं नये. देवघर व स्वयंपाकघर यांचा उंबरठा जनावरानें ओलांडूं नये ही सासूबाईंची अट रास्त आहे, आणि ती पाळतांहि येते. घरांतील सर्वांनीं एकच नियम धरला तर कुत्रा थोड्याच आठवड्यांत उंबरठा ओळखूं लागतो. एकानें हांकलावयाचें व दुसऱ्यानें गुपचूप आंत घ्यावयाचें, असें झालें म्हणजे मात्र तो गोंधळतो, आणि दोष त्याच्या माथीं येतो. मांजर उंचावरून कोठूनहि शिरतें. तेथें दार लावून घेणें हाच उपाय.

शाकाहारी घरांत अन्नाचा प्रश्न याहून नाजूक आहे. हजारों वर्षें माणसाजवळ राहिल्यामुळें कुत्र्याला भात-पोळीसारखें पिष्टमय अन्न पचतें. पशुवैद्याच्या सल्ल्यानें पुरेशीं प्रथिनें दिलीं तर तो शाकाहारावरहि राहूं शकतो. मांजराचें तसें नाहीं. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्याला अन्नांतूनच मिळावें लागतें, आणि तें मांसांत असतें. तें न मिळाल्यास मांजराची दृष्टि जाते व हृदय दुबळें होतें. दूधभातावर मांजर पोसतें ही आपली समजूत उंदरांच्या जिवावर टिकून होती! शिवाय वाढलेल्या पुष्कळ मांजरांना दुधांतील साखर पचत नाहीं आणि जुलाब होतात. म्हणून ज्या घरांत मांजराचें वेगळें अन्न व वेगळें भांडें मनापासून चालणार असेल, त्या घरानेंच मांजर आणावें. चालणार नसेल तर न आणण्यांत कमीपणा नाहीं. तीच मांजरावरची खरी दया होय.

आतां सणांकडे वळूं. घर पाहुण्यांनीं भरलेलें, गृहिणी स्वयंपाकांत, यजमान बाजारांत आणि दार सदा उघडें, असा तो दिवस असतो. रोजचा क्रम मोडला कीं जनावर आधीं बावरतें, आणि नेमकें त्याच दिवशीं त्याच्याकडे पाहावयास कोणाला सवड नसते.

गणपति-गौरींच्या दिवसांत निर्माल्याचा दोरा जपावा. हाराचा दोरा किंवा मखराची झिरमिळी मांजराला खेळावयास आवडते. परंतु ती पोटांत गेली तर आंतडीं एकत्र ओढलीं जातात आणि शस्त्रक्रियेवांचून जीव वांचणें कठीण होतें. दोरा तोंडाबाहेर दिसला तरी तो ओढूं नये, तडक पशुवैद्याकडे न्यावें. निर्माल्य झांकणाच्या डब्यांत ठेवावें, एवढी काळजी पुरते.

दिवाळीच्या फराळांत कुत्र्याला अपायकारक अशा वस्तु कितीतरी असतात. लाडवांतील बेदाणे, शिऱ्यांतील मनुका, ओलीं द्राक्षें यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामीं होऊं शकतात. त्याचें कारण त्यांतील टार्टारिक आम्ल असावें असें अलीकडे तज्ज्ञांना वाटूं लागलें आहे. चिंचेंतहि तेंच आम्ल असल्यामुळें आमटीभातहि त्याला न देणें बरें. कांदा व लसूण यांनीं कुत्र्यामांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटांतील थिओब्रोमिन हृदयाला बाधतें. मायेनें “एकच घास” देणारे दहा पाहुणे असले कीं दहा घास होतात. तेव्हां येणाऱ्या मंडळींना दारांतच नम्रपणें सांगावें कीं, याला जें द्यावयाचें तें आम्हीच देऊं.

फटाक्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. माणसाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो. कुत्र्याला सुमारें ४५,००० पर्यंत आणि मांजराला ६०,००० च्याहि वर. जो आवाज आपण चुकवूं शकतों, तो त्यांच्या कानांवर आदळतो, आणि तो कां होतो हें त्यांना सांगतां येत नाहीं. घाबरलेला कुत्रा उघड्या दारांतून धांवत सुटतो आणि परतीची वाट विसरतो. म्हणून त्या दिवसांत त्याला अंधार पडण्यापूर्वींच फिरवून आणावें. खिडक्या व पडदे लावलेल्या खोलींत, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवून, घरच्या एका माणसाबरोबर बसवावें. गळपट्ट्यावर घरचा दूरध्वनिक्रमांक असावा. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठीं पशुवैद्याकडून आधींच औषध घेऊन ठेवावें. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतलें तर त्याची भीति वाढते हा समज खोटा आहे. खुशाल जवळ घ्यावें.

सणाला घरीं मुलें जमतात, तेव्हां आणखी एक दक्षता हवी. जेवत असलेल्या किंवा झोंपलेल्या कुत्र्याला हात लावूं नये, हें मुलांना बजावावें. तरीहि तो चावला अथवा मांजरानें ओरखडलें, तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना किंवा तिखट लावूं नये. आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. लुई पाश्चर यांनीं जुलै १८८५ मध्यें जोसेफ मेइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वांचविलें, तेव्हांपासून या रोगावर प्रतिबंध आहे. परंतु लक्षणें दिसूं लागल्यावर आजहि बहुधा इलाज चालत नाहीं. पोटांत घेतल्या जाणाऱ्या चौदा इंजेक्शनांची जुनी धास्ती आतां नको. लस दंडांत देतात आणि चार-पांच वेळां पुरते. पिल्लूं सुमारें तीन महिन्यांचें झालें कीं त्यालाहि लस द्यावी, आणि पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती चालू ठेवावी.

हल्लीं कुत्र्याचे वाढदिवस होऊं लागले आहेत. हौसेला विरोध कशाला करावा? पण टोपी घालून, केकपुढें बसवून छायाचित्र काढलें तर तो सण आपला झाला. तळ्याकांठीं नेहमींपेक्षां दुप्पट फिरवून आणलें, स्वच्छ धुतलेलें अंथरूण दिलें आणि दुपारभर कोणीं त्याची झोंप मोडली नाहीं, तर तो त्याचा सण होईल.

शेवटीं एका अवघड प्रसंगाविषयीं. हें जनावर बहुधा आपल्या आधीं जातें. घरांतील लहान मुलांना मरण प्रथम दिसतें तें पुष्कळदां त्याच्या रूपानें. “तो गांवाला गेला” असें त्यांना सांगूं नये. खरें सांगावें, रडूं द्यावें. शास्त्रांत त्याचें सुतक नाहीं, म्हणून दुःख नाहीं असें नव्हे. महाभारतांतील धर्मराजानें स्वर्गाच्या दाराशीं सुद्धां बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडण्याचें नाकारलें, ही कथा आपण मुलांना सांगतों. म्हातारपणीं कुत्रा आंधळा होतो, जागच्या जागीं घाण करतो, रात्रीं उगीच उठतो. त्या महिन्यांत रात्रीं पाळीपाळीनें उठणारें दंपती एकमेकांच्या म्हातारपणाचीहि थोडी तयारी करीत असतें; आणि घरांतील मुलें तें पाहत असतात.

म्हणून वाचकभगिनींना एवढीच विनंति आहे कीं, येत्या सणाच्या कामांची यादी करतांना पुरण, रांगोळी, आहेर यांच्या खालीं आणखी एक ओळ घालावी: “आजच्या दिवशीं कुत्र्यामांजराकडे कोण पाहणार?” आणि त्या ओळीपुढें एक नांव लिहावें. तें प्रत्येक वेळीं आपलेंच असूं नये, हें यजमानांना त्याच वेळीं सांगून ठेवावें.